तीनदा अजिंक्य, तरी पुढचे दार बंद : जेमी चॅडविकची कारकीर्द काय सांगते?

एखादी मुलगी वर्गात पहिली आली, तरी तिला पुढच्या वर्गात जागा मिळाली नाही. ती पुन्हा त्याच वर्गात बसली, पुन्हा पहिली आली आणि तिसऱ्यांदाही तिथेच बसली. असे कुणी सांगितले तर आपण मुलीत दोष शोधू की शाळेत? ब्रिटनची शर्यतपटू जेमी चॅडविक हिच्या बाबतीत नेमके हेच घडले. २०१९, २०२१ आणि २०२२ अशी तीन वर्षे ती महिलांच्या ‘डब्ल्यू सिरीज’ या मोटार शर्यतीची विजेती ठरली. (२०२० मध्ये कोरोनामुळे स्पर्धाच झाली नाही.) तरीही फॉर्म्युला वनच्या खालची जी पायरी आहे, त्या फॉर्म्युला टूची जागा तिला मिळाली नाही.

मोटार शर्यत हा श्रीमंतांचा खेळ, त्याच्याशी आपला काय संबंध, असे अनेक कार्यकर्त्यांना वाटेल. खेळ श्रीमंतांचा आहे हे खरेच. पण संधी, गुणवत्ता आणि स्वतंत्र व्यवस्था या शब्दांवर आपण एरवी जी चर्चा करतो, ती सगळी या एका कारकिर्दीत आकड्यांसह समोर येते. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

आधी शिडी समजून घेऊ. मुले आठ-दहा वर्षांची असताना ‘कार्ट’ या छोट्या गाडीपासून सुरुवात करतात. पुढे फॉर्म्युला फोर, मग प्रादेशिक स्पर्धा, फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू आणि शेवटी फॉर्म्युला वन. आपण ज्या वर्षांबद्दल बोलतो आहोत, तेव्हा तिथे दहा संघ आणि अवघ्या वीस जागा होत्या. तिथे गाडी चालवायला ‘सुपर लायसन्स’ लागते. वय किमान १८ आणि साधारणपणे तीन वर्षांत मिळवलेले ४० गुण, ही त्याची मुख्य अट. हे गुण खालच्या स्पर्धांतील क्रमांकावर मिळतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलात की पूर्ण ४० गुण मिळतात. कागदावर ही व्यवस्था अगदी न्याय्य दिसते. क्रमांक मिळवा आणि वर या!

पण कागदावर न लिहिलेली अटही आहे. खालच्या पायऱ्यांवर संघ चालकाला पगार देत नाही, चालकच संघाला पैसे मोजून जागा घेतो. फॉर्म्युला टूच्या एका मोसमाचा खर्च २० लाख युरोंच्या पुढे जातो. हा पैसा घरचा असावा लागतो, नाहीतर प्रायोजकाचा. आणि प्रायोजक पैसे लावतो ते पुढे जाईल असे त्याला वाटणाऱ्यावर. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत शेवटची महिला उतरली ती १९७६ मध्ये, इटलीची लेला लोम्बार्दी. म्हणजे प्रायोजकाने मनात धरलेल्या ‘भावी विजेत्या’च्या चित्रात मुलगी नसतेच. चित्रात नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून वर कुणी पोचत नाही, आणि कुणी पोचत नाही म्हणून चित्र बदलत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात हे चक्र आम्हाला पाठ्यपुस्तकातून शिकवले होते, इथे ते चार चाकांवर फिरताना दिसते.

चॅडविकचा जन्म १९९८ चा, इंग्लंडमधल्या बाथ शहरातला. लहानपण आइल ऑफ मॅन बेटावर गेले. ती काही वंचित घरातून आलेली नाही, हे आधीच सांगून टाकू. ज्या घराला मुलांचे कार्टिंग परवडते ते घर बरे खातेपितेच असते. भाऊ गाड्या चालवायचा, त्याच्यामागून ही आली. हॉकीतही ती चांगली होती. इंग्लंडच्या १८ वर्षांखालील संघाची निवड चाचणी आणि जिनेटा ज्युनिअर या शर्यतीची शिष्यवृत्ती चाचणी एकाच वेळी आली, तेव्हा तिने गाडी निवडली. २०१५ मध्ये रॉस गनच्या जोडीने अ‍ॅस्टन मार्टिन चालवत तिने ब्रिटिश जीटी स्पर्धेतील जीटी-४ गटाचे अजिंक्यपद मिळवले. असे करणारी ती पहिली महिला होती, वय होते १७.

जीटी म्हणजे रस्त्यावरच्या गाडीसारखी दिसणारी, छप्पर असलेली शर्यतीची गाडी. फॉर्म्युला वनचे स्वप्न असेल तर एकआसनी, उघड्या चाकांच्या गाडीकडे वळावेच लागते. तसे ती वळली. ऑगस्ट २०१८ मध्ये ब्रँड्स हॅच येथे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीची शर्यत तिने जिंकली, याआधी कोणत्याही महिलेने ती जिंकली नव्हती. त्यानंतरचा टप्पा आपल्या देशाशी जोडलेला आहे. चेन्नईच्या टायर कंपनीच्या नावाने भरणारी एमआरएफ चॅलेंज ही स्पर्धा त्या मोसमात दुबई, बहरीन आणि चेन्नई अशी झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेन्नईच्या शेवटच्या फेरीत चॅडविकने अजिंक्यपद निश्चित केले. या स्पर्धेचीही ती पहिली महिला विजेती. समोर पुरुष चालक होते, हे लक्षात ठेवा. पुढच्या वादात ते महत्त्वाचे आहे.

कारण त्याच वर्षी डब्ल्यू सिरीज सुरू झाली. फक्त महिलांसाठी, सर्वांना एकसारखी गाडी, आणि भाग घ्यायला एक पैसाही द्यायचा नाही. विजेतीला ५ लाख डॉलर. घोषणा होताच वाद पेटला. ब्रिटनचीच पिप्पा मान, जी अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत उतरली होती, तिने उघड टीका केली. तिचे म्हणणे थोडक्यात असे : महिलांना मदत करायला ज्यांच्याकडे पैसा आहे, ते मदत करण्याऐवजी त्यांना वेगळे काढत आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, पैशाअभावी घरी बसलेल्या चालकांना निदान गाडी तरी मिळेल. ते खोटे नव्हते. पुढे चॅडविकशी अजिंक्यपदासाठी झुंजलेली अ‍ॅलिस पॉवेल ही गुणी चालक निधीअभावी शर्यतीबाहेरच पडली होती, ती याच स्पर्धेमुळे परतली.

आमच्या मते दोन्ही बाजू ज्या मुद्द्यावर भांडत होत्या, तो मुद्दाच अर्धवट होता. वेगळी पायरी असावी की नसावी, याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती पायरी वरच्या पायरीला जोडलेली आहे का? डब्ल्यू सिरीज धड जोडलेली नव्हती. ५ लाख डॉलर ही रक्कम मोठी, पण फॉर्म्युला टूच्या वर्षभराच्या खर्चाच्या पाव भागाच्या आसपास. सुपर लायसन्सचे गुणही पहिल्या वर्षी नव्हते. ते २०२० पासून देण्याचे ठरले, विजेतीला १५. म्हणजे २०१९ चे अजिंक्यपद गुणांच्या हिशेबात शून्य! विल्यम्स या फॉर्म्युला वन संघाने २०१९ मध्येच तिला विकास चालक म्हणून घेतले होते, पण तेही शर्यतीतले आसन नव्हे. २०२० मध्ये ती युरोपच्या फॉर्म्युला रीजनल स्पर्धेत प्रेमा या बलाढ्य संघातून उतरली आणि नववी आली. टीकाकारांना हा निकाल फार आवडतो. तो निकाल लपवण्याचे कारण नाही, आणि एका मोसमावरून चालकाची पात्रता ठरवण्याचेही नाही.

२०२२ मध्ये तिने पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या. सिंगापूरनंतर स्पर्धेचे पैसे संपले, उरलेल्या फेऱ्या रद्द झाल्या, आणि जून २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या स्पर्धेने पैशाची अडचण सोडवायची होती, ती पैशानेच बुडाली.

शरीराचा मुद्दाही टाळता येत नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे, फॉर्म्युला टू आणि थ्रीला नाही. म्हणजे वरच्या मजल्यापेक्षा जिन्यात जास्त ताकद लागते. चॅडविकने ही अडचण स्वतः बोलून दाखवली, तेव्हा काहींनी लगेच ‘बघा, जमत नाही’ असा अर्थ काढला. आम्ही उलटा प्रश्न विचारू : हे यंत्र आखताना कोणाचे शरीर समोर होते? सुकाणूची जाडी, बैठक, पायपट्ट्यांचे अंतर हे सगळे कुणीतरी ठरवलेले असते.

याच काळात ती एका निराळ्या प्रयोगातही होती. २०२१ मध्ये सुरू झालेल्या एक्स्ट्रीम ई या विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतीत प्रत्येक संघात एक पुरुष आणि एक महिला असा नियम होता, दोघांनी सारखेच अंतर चालवायचे. चॅडविक व्हेलोचे संघात स्टेफान साराझाँसोबत होती आणि सेनेगलमध्ये त्यांचा संघ दुसरा आला. या नियमातली मेख पाहा. अर्धा निकाल महिला चालकाच्या हाती असला की संघाला तिच्या सरावावर, गाडीच्या बैठकीवर, तिच्या मतावर खर्च करावाच लागतो. तिथे कुणाच्या सदिच्छेवर अवलंबून राहावे लागत नाही.

युरोपची शिडी अडली तेव्हा ती अमेरिकेला गेली. इंडीकारच्या खालची पायरी म्हणजे इंडी नेक्स्ट. इथल्या गाडीलाही पॉवर स्टिअरिंग नाही. अँड्रेटी संघाकडून २०२३ चा पहिला मोसम जड गेला, ती बाराव्या स्थानावर राहिली. अनोळखी ट्रॅक, अनोळखी गाडी. पण दुसरे वर्ष मिळाले, आणि खरी गोष्ट तिथेच आहे, कारण दुसरे वर्ष फार थोड्या मुलींना मिळते. जून २०२४ मध्ये रोड अमेरिका येथे तिने सर्वांत पुढून सुरुवात केली आणि शर्यत जिंकली. या स्पर्धेत वळणावळणाच्या कायमस्वरूपी ट्रॅकवर जिंकणारी ती पहिली महिला. त्याआधी या स्पर्धेत महिलेने शर्यत जिंकली होती ती २०१० मध्ये, केंटकीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर. जिंकणारी होती पिप्पा मान, डब्ल्यू सिरीजवर टीका करणारी तीच. म्हणजे दोघींचे मार्ग वेगळे, मते वेगळी, पण नोंद एकाखाली एक.

दरम्यान २०२३ मध्ये फॉर्म्युला वनच्या व्यवस्थापनाने स्वतःची महिलांची स्पर्धा काढली, एफ-वन अकॅडमी. २०२४ ची विजेती अ‍ॅबी पुलिंग हिला बक्षीस म्हणून पुढच्या वर्षी ब्रिटनच्या जीबी-३ स्पर्धेत पूर्ण खर्चासह जागा मिळाली. चॅडविकच्या वेळी फक्त रोख रक्कम हाती पडत होती, आता निदान पुढची एक पायरी पैशासकट लिहून मिळते. त्याच्याही वरच्या पायऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

चॅडविक स्वतः २०२५ मध्ये पुन्हा छपराच्या गाडीत आली. युरोपियन ल मां सिरीज ही दीर्घ पल्ल्याची शर्यत, एका गाडीत आळीपाळीने तीन चालक. एप्रिलमध्ये बार्सिलोनाला चार तासांची पहिली फेरी झाली. आयडेक स्पोर्ट संघाच्या गाडीत तिच्यासोबत मातीस जोबेर आणि डॅनिएल हुंकादेया होते. ती फेरी त्यांनी जिंकली.