झोका आवरण्याचे शास्त्र

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. या बंदराच्या धक्क्यावरील उंच क्रेन जहाजांतून जे कंटेनर उचलतात, त्यांपैकी मोठ्या कंटेनरची लांबी चाळीस फूट, म्हणजे सुमारे १२ मीटर असते आणि मालासह त्याचे वजन तीस टनांच्या घरात जाऊ शकते. हे सारे ओझे पोलादी दोरांना टांगलेले असते. वरची ट्रॉली पुढे सरकली की कंटेनर मागे रेंगाळतो. ट्रॉली थांबली की तो तिच्यापुढे झेपावतो. झोका आपोआप शमेपर्यंत वाट पाहावी, तर जहाजाचा खोळंबा होतो. न पाहावी, तर खाली काम करणाऱ्या माणसांच्या जिवाशी गाठ असते.

३० जुलै २०२५ रोजी भारत व अमेरिका यांचा ‘निसार’ हा संयुक्त उपग्रह श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही अग्निबाणाने अवकाशात गेला. १५ ऑगस्ट रोजी त्याची अँटेना छत्रीसारखी उघडली. तिचा व्यास १२ मीटर, म्हणजे न्हावा शेव्याच्या मोठ्या कंटेनरच्या लांबीएवढा. वजन मात्र अवघे ६४ किलो. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची जाळी आणि ती ताणून धरणाऱ्या १२३ हलक्या काड्यांचा सांगाडा, अशी तिची रचना आहे. उपग्रहापासून ती ९ मीटर लांबीच्या सांधेदार दांड्याच्या टोकाशी बसविलेली आहे. कंटेनर आणि अँटेना या दोन वस्तूंत वजनाने शेकडो पटींचे अंतर आहे. तथापि अभियंत्यापुढचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: लवचीक आधारावरील वस्तू हलविल्यानंतर ती डुलत राहू नये, हे कसे साधावे?

हलके, म्हणून लवचीक

अवकाशात जाणारी वस्तू मजबूत आणि ताठ बनवावी, म्हणजे प्रश्नच मिटेल, असे कोणासही वाटेल. परंतु अग्निबाणाच्या टोपणात जागा काही मीटरांचीच असते आणि प्रत्येक किलोचा भार इंधनाच्या हिशेबात मोजावा लागतो. म्हणून मोठी वस्तू घडी घालून न्यावी लागते, घडी पडावी यासाठी ती पातळ करावी लागते, आणि पातळ वस्तू लवचीक असणारच. जमिनीवर हवेचा विरोध हलणाऱ्या वस्तूला थोडा तरी आवरतो. अवकाशात तीही मदत नाही. शिवाय अशा नाजूक रचना जमिनीवर स्वतःच्याच भाराने वाकतात, त्यामुळे त्यांची खरीखुरी चाचणी पुष्कळदा प्रथमच अवकाशात होते; आणि तेथे दुरुस्तीला सहसा कोणी पोहोचू शकत नाही.

लवचीकपणाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचा धडा अमेरिकेला आपल्या पहिल्याच उपग्रहाने दिला. १९५८ साली ‘एक्स्प्लोरर-१’ हा लांबट उपग्रह बंदुकीच्या गोळीप्रमाणे स्वतःच्या लांबीभोवती फिरत राहील, अशी अपेक्षा होती. त्याच्या चार लवचीक तारांच्या हेलकाव्यांत फिरण्यातील ऊर्जा खर्च झाली आणि काही तासांतच तो पंख्याच्या पात्यासारखा आडवा फिरू लागला. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीचे सौरपंख सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना तापमानातील फरकाने थरथरत, आणि ती थरथर दुर्बिणीपर्यंत पोहोचे. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते पंख बदलले.

फुगविता येणाऱ्या रचनांचे आकर्षण यातूनच निर्माण झाले. १९६० साली अमेरिकेने अवकाशात फुगविलेला ‘एको-१’ हा चकचकीत गोळा ३० मीटर व्यासाचा होता. त्याचे आवरण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचितच जाड होते. परंतु फुगणे हीसुद्धा एक हालचालच आहे. १९९६ च्या मे महिन्यात अवकाशात फुगविलेली १४ मीटर व्यासाची प्रायोगिक अँटेना अखेर अपेक्षित आकारात आली. उलगडताना मात्र ती अपेक्षेपेक्षा वेगळ्याच रीतीने हेलकावली. २६ मे २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील ‘बीम’ नावाची कापडी खोली फुगविण्यास प्रारंभ झाला, पण ती हट्टाने आखडूनच राहिली. कापडाच्या थरांतील घर्षण त्यास कारण असावे, असे अनुमान निघाले. दोन दिवसांनी सात तासांहून अधिक काळ थोडीथोडी हवा सोडत ती पूर्ण फुगविण्यात आली. घाई केली नाही, म्हणूनच काम झाले.

भारतालाही या प्रश्नाची झळ फार पूर्वी लागली. १० एप्रिल १९८२ रोजी सोडलेल्या ‘इन्सॅट-१ए’ या उपग्रहाला सौरपंख एकाच बाजूस होते. सूर्यप्रकाशाच्या सूक्ष्म दाबाने उपग्रह एका अंगाला वळू नये, म्हणून दुसऱ्या बाजूस लांब दांड्यावर एक शीड उघडावयाचे होते. ते उघडलेच नाही. इतरही अडचणी होत्याच. त्याच वर्षी सप्टेंबरात उपग्रहाचे इंधन संपले आणि तो निकामी झाला. पुढच्याच वर्षी ‘इन्सॅट-१बी’ने ती उणीव भरून काढली.

ताल ओळखणे

अशा वस्तू आवरावयाच्या कशा? लवचीक वस्तूला बळाने थोपविण्याचा प्रयत्न केला तर तोच एक नवा धक्का ठरतो. उपाय तिचा स्वाभाविक ताल ओळखण्यात आहे. पंचवीस मीटर दोराला टांगलेल्या ओझ्याचा एक पूर्ण झोका सुमारे दहा सेकंदांचा असतो. ओझे पाच टनांचे असो की पंचवीस, त्यात फारसा फरक पडत नाही. ट्रॉलीला एकदम पूर्ण वेग दिला तर ओझे झोके घेत राहते. पण आधी निम्मा वेग दिला, अर्धा झोका होईपर्यंत म्हणजे पाच सेकंद थांबून उरलेला निम्मा दिला, तर दुसऱ्या धक्क्याचा झोका पहिल्याच्या झोक्याला नेमका छेद देतो आणि ओझे ट्रॉलीखाली सरळ चालू लागते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील ऑटो स्मिथ यांनी १९५७ साली हे तत्त्व मांडले. १९९० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील नील सिंगर व वॉरन सीरिंग यांनी ते अधिक भक्कम केले आणि स्पेस शटलच्या लांब यांत्रिक हाताच्या संगणकीय प्रतिकृतीवर पडताळून पाहिले. ही विद्या पुढे बंदरांतील क्रेनलाही उपयोगी पडली.

कसबी क्रेनचालक सूत्र न मांडताही हेच करतो. झोका पुढे जाऊ लागताच तो ट्रॉली ओझ्याच्या नेमकी वर आणून थांबवितो. वारा आणि दोराची सतत बदलणारी लांबी यांचा हिशेब त्याच्या हाताला ठाऊक असतो. अवकाशातील रचनेत मात्र एकाच वेळी अनेक ताल वसत असतात. एक आवरताना दुसरा जागा होण्याची भीती असते. म्हणूनच ते सारे आधी मोजावे लागतात.

जमा बाजूची नोंद

न्हावा शेव्याच्या परिसराने विकासाचे मोल चढ्या दराने चुकविले आहे. भूसंपादनाच्या अन्यायाविरुद्ध १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई व न्हावा शेवा परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे बळी घेतले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. भूखंडांचा आणि नोकऱ्यांचा हिशेब तेव्हापासून मांडला जात आहे, आणि तो मांडलाच पाहिजे. पण बंदराने दारात आणून उभ्या केलेल्या ज्ञानाचा हिशेब कोणी मागत नाही. भूमिपुत्रांच्या मुलांना क्रेनखाली काम मिळावे एवढीच अपेक्षा पुरेशी नाही. क्रेनच्या आत चाललेले गणितही त्यांचे झाले पाहिजे.

ते अशक्य नाही. बंदर सुरू झाले त्याच १९८९ साली रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ आणि मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हे उपग्रह २०१६ साली अवकाशात गेले. ‘जीसॅट-६’ची ६ मीटरची उलगडणारी अँटेना २०१५ साली ‘इस्रो’ने स्वतः घडविली, ‘निसार’ची १२ मीटरची मात्र अमेरिकेतून आली. भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभे करण्याचा संकल्प आहे. स्थानकाचा आकार जसजसा वाढेल, तसतशी लवचीकपणाशी गाठ पडणे अटळ आहे.

याची सुरुवात शाळेतूनच होऊ शकते. एक मीटर दोऱ्याचा लंबक दोन सेकंदांत एक झोका पुरा करतो, हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थी करतो. त्यावरून गुरुत्वाचा आकडा काढतो आणि वही मिटतो. तोच लंबक एखाद्या खेळण्यातल्या गाडीला टांगून, गाडी झोका न देता कशी न्यावी, हा पुढचा प्रश्न अभ्यासक्रमात घालण्यास फारसा खर्च येणार नाही. लोणेऱ्याचे प्राध्यापक, बंदरातील अनुभवी चालक आणि उरण-पनवेलच्या शाळांतील शिक्षक यांना त्यासाठी एकत्र बसविण्याचे काम बंदर प्राधिकरण व जिल्हा परिषद यांनी हाती घ्यावयास हवे.