जुनी हायब्रीड गाडी घेताना



उसाचे बिल हाती आले की पुष्कळ जण सेकंडहँड गाडी बघू लागतात. २०२२ साली टोयोटाची हायरायडर व इनोव्हा हायक्रॉस या हायब्रीड गाड्या आल्या. आता त्या जुन्या बाजारातही मिळतात.

हायब्रीडमध्ये पेट्रोल इंजिन व विजेची मोटर जोडीने ओढतात. ब्रेक लावला की बॅटरी चार्ज होते. गर्दीच्या रस्त्यावर पेट्रोल चांगले वाचते, मोकळ्या हायवेला तेवढे नाही.

खरी मेख मोठ्या बॅटरीत आहे. ती बदलावी लागली तर वाचवलेले पेट्रोल एका फटक्यात जाते. टोयोटाची बॅटरीवर वॉरंटी ८ वर्षे किंवा १,६०,००० कि.मी., जे आधी भरेल ते. गाडी १,३०,००० कि.मी. पळाली असेल तर ३०,०००च उरले. किंमत त्या हिशोबाने बोला.

बॅटरीचा शत्रू म्हणजे उष्णता. तिच्या पंख्याची जाळी धुळीने बुजते. ती वेळच्या वेळी साफ करून घ्यावी. गाडी चालू होत नसेल तर घाबरू नका; कित्येकदा छोटी १२ व्होल्टची बॅटरीच उतरलेली असते. नारिंगी वायरींना मात्र जाणकाराशिवाय कुणी हात लावू नये.

विसार देण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी तपासून लेखी रिपोर्ट घ्यावा.