गेलेल्या माणसावर ठपका

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उडताच कोसळले. 260 जीव गेले.

महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच सेकंदाच्या अंतराने बंद झाले होते. का बंद केले, असे एका वैमानिकाने विचारले; आपण केले नाही, असे दुसरा म्हणाला. कोण काय बोलले, हे अहवाल सांगत नाही.

तरी मोबाइलवर निकाल फिरलाच : वैमानिकच दोषी! मुंबईचे कॅप्टन सुमीत सभरवाल यांच्या वृद्ध वडिलांना स्वतंत्र चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले.

मेलेला माणूस सफाई देऊ शकत नाही. तहकीक पूर्ण होईपर्यंत असा मेसेज आपल्या धाराशिवच्या घरांतून तरी पुढे जाऊ नये. मुलांनाही हेच शिकवू या.