फोनवरचा ‘हो’ खामगावचा, मग खटला अहमदाबादला का?

जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काहीही खरेदी करा आणि बिलाचा तळ वाचा. बऱ्याचदा तिथे बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘सब्जेक्ट टू जळगाव ज्युरिसडिक्शन’. आपण ती कधी वाचत नाही. पण भांडण झालंच, तर कोणाला कोणत्या गावी तारखांना जावं लागणार, हे अशा ओळीवरून ठरू शकतं.

मी कायद्याची नाही, सायन्सची विद्यार्थिनी. तरी आज एका निकालाबद्दल लिहितेय, कारण संशोधनाचा प्रश्न किती नेमका असावा हे मला त्यातून जास्त चांगलं कळलं. शिवाय प्रकरण आपल्या शेजारचं आहे.

आधी मूळ प्रश्न

दिवाणी दाव्यात दोन बाजू असतात. दावा लावतो तो वादी, ज्याच्यावर लागतो तो प्रतिवादी. वादी स्वतःहून कोर्टात आलेला असतो, त्यामुळे त्याची तक्रार नसते. प्रतिवादीला मात्र ओढून आणलेलं असतं. म्हणून प्रश्न असा: या कोर्टाला या माणसावर हुकूम चालवण्याचा अधिकार कुठून मिळाला?

अमेरिकेत या प्रश्नाची स्वतंत्र शाखाच आहे. १९४५ च्या इंटरनॅशनल शू खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी दिली, की परराज्यातल्या कंपनीचा त्या राज्याशी किमान काही संबंध हवा. आपल्याकडे याहून आधी, १८९४ मध्ये, प्रिव्ही कौन्सिलने फरीदकोट संस्थानाच्या प्रकरणात हाच मुद्दा हाताळला होता. नोकरी सोडून संस्थानाबाहेर गेलेल्या खजिनदारावर फरीदकोटच्या कोर्टाने एकतर्फी हुकूमनामा दिला. तो माणूस तिथे राहत नव्हता आणि त्या कोर्टाला शरणही गेला नव्हता, म्हणून बाहेरच्या कोर्टाच्या दृष्टीने तो हुकूमनामा शून्य ठरला. परदेशी निकालांच्या बाबतीत हा विचार आजही महत्त्वाचा आहे.

भारताच्या आत मात्र चित्र वेगळं आहे. धुळ्याचा हुकूमनामा चेन्नईलाही अंमलात आणता येतो. त्यामुळे इथे ‘अधिकार आहे का’ यापेक्षा ‘कोणत्या गावच्या कोर्टाला आहे’ यावर वाद होतो. त्याचं उत्तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० मध्ये आहे. जमिनीचे दावे सर्वसाधारणपणे जमीन असेल तिथे चालतात. पैशांचे आणि कराराचे दावे दोन प्रकारच्या ठिकाणी लावता येतात:

१. प्रतिवादी जिथे राहतो, धंदा करतो किंवा कमाईसाठी स्वतः काम करतो तिथे.
२. दाव्याचं कारण पूर्ण किंवा अंशतः जिथे घडलं तिथे.

पहिला नियम प्रतिवादीच्या सोयीचा आहे. सगळी गंमत दुसऱ्यात आहे. ‘कारण घडलं’ म्हणजे नेमकं कुठे?

ढेपेचा सौदा

२२ जुलै १९५९. अहमदाबादची एक पेढी खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्सला ट्रंक कॉल लावते. सौदा सरकीच्या ढेपेचा. कागद नाही, सही नाही, सगळं तोंडी. पुढे माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादच्या पेढीने तिथल्याच सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला.

खामगावकरांचं म्हणणं सरळ होतं: ऑफर तुमची, होकार आम्ही खामगावात बसून दिला, माल इथे द्यायचा, पैसे इथे मिळायचे. मग आम्ही अहमदाबादला काय म्हणून यायचं? आणि गंमत बघा, खालच्या कोर्टाने यातलं जवळजवळ सगळं मान्य केलं. ऑफर अहमदाबादहून, होकार खामगावातून, माल आणि पैसे खामगावात. तरीही दावा अहमदाबादेत चालेल असं सांगितलं, कारण होकार ऐकू आला तो अहमदाबादेत!

प्रकरण गुजरात उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. सौदा झाला तेव्हा खामगाव आणि अहमदाबाद दोन्ही एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. निकाल आला ३० ऑगस्ट १९६५ ला, तोवर ती दोन वेगळ्या राज्यांत गेली होती. सौद्यानंतर सहा वर्षं उलटली, आणि ठरलं फक्त एवढंच की भांडायचं कुठे. ढेपेचा मूळ वाद अजून बाकीच.

दोन विरुद्ध एक

करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ४ नुसार होकार पाठवणाऱ्याच्या हातून निघाला, की ऑफर देणारा बांधला जातो. पत्राला हे लागू होतं: पत्र टपालात पडलं, करार झाला. हाच नियम फोनला लावला तर शब्द खामगावात तोंडातून निघाले, म्हणजे करार खामगावचा.

बहुमताने (न्या. वांछू आणि न्या. शाह) म्हटलं की फोनवरची माणसं जणू समोरासमोर असतात. समोरासमोर बोलताना होकार ऐकू आल्याशिवाय करार होत नाही. टपालाचा नियम हा अपवाद आहे, तो फोनला लावू नये. इंग्लंडमध्ये १९५५ च्या एन्टोरेस खटल्यात टेलेक्सबद्दल असंच ठरलं होतं. म्हणून करार अहमदाबादेत झाला आणि तिथलं कोर्ट चालेल. पण त्यांनी हेही सांगितलं, की नुसती ऑफर एखाद्या गावाहून केली म्हणून तिथे दाव्याचं कारण घडत नाही. होकार आणि तो कळणं महत्त्वाचं.

न्या. हिदायतुल्ला असहमत होते. त्यांच्या मते कलम ४ ची भाषा फोनलाही पुरेशी आहे. कायदा करणाऱ्यांना फोन माहीत नव्हता म्हणून आपण त्याचे शब्द बदलू शकत नाही. म्हणजे करार खामगावचाच.

तुम्हाला कोणतं पटतं? मला पहिल्या वाचनात बहुमत पटलं, दुसऱ्या वाचनात हिदायतुल्ला. आज बहुमताचा निकाल हाच कायदा आहे. ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक संदेशांसाठी मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ ने ठिकाण बांधून दिलं: वेगळं काही ठरलेलं नसेल तर पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या धंद्याचं ठिकाण. सर्व्हर कुठेही असो.

मग बिलावरच्या ओळीचं काय?

दोन किंवा जास्त कोर्टांना अधिकार असेल, तर त्यातलं एक निवडायचा करार चालतो, असं १९७१ च्या हाकम सिंग खटल्यात ठरलं. पण ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो करार करून देता येत नाही. १९९१ च्या पटेल रोडवेज प्रकरणात माल तामिळनाडूतल्या शाखेत सोपवला होता, अट ‘फक्त मुंबई’ अशी होती. मुख्य कार्यालय मुंबईत असूनही ती अट टिकली नाही, कारण कारण जिथे घडलं तिथेच कंपनीची शाखा होती.

म्हणजे रावेरचा केळी व्यापारी दिल्लीच्या खरेदीदाराशी फोनवर सौदा करतो, तेव्हा तीन गोष्टी विचारायच्या. होकार कुठे ऐकला गेला? माल आणि पैसे कुठे द्यायचे ठरलं? कोर्टाबद्दलची अट दोघांनी मान्य केली होती, की एकाने नुसती छापली? आणि प्रतिवादी तुम्ही असाल तर चौथी गोष्ट: हरकत पहिल्याच संधीला घ्या. उशीर केला तर कलम २१ मुळे ती अपिलात सहसा ऐकली जात नाही. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर गोष्ट सोपी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडेही जाता येतं. धुळ्यात ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपसाठी बंगळुरूला जायची गरज नाही.

संशोधन करणाऱ्यांसाठी

या खटल्यात तथ्यांवर वाद उरला नव्हता. कोण कुठून काय बोललं हे ठरलेलं होतं. वाद उरला एकाच व्याख्येवर: करार ‘होतो’ कधी, बोलल्यावर की ऐकल्यावर? संशोधनाच्या प्रस्तावात आपण नेमकं उलटं करतो. ‘अमुकचा अभ्यास’ असं मोठं शीर्षक देतो, आणि कोणती व्याख्या बदलली तर उत्तर बदलेल हे सांगतच नाही. मुलाखतीत पॅनल नेमकं तिथेच धरतं.

एक काम करून बघा. हा निकाल मिळवा (ए.आय.आर. १९६६, सर्वोच्च न्यायालय, पान ५४३), आधी असहमतीचं मत वाचा, मग बहुमताचं. दोघांची मान्य तथ्यं एका रकान्यात लिहा आणि जिथे वाट फुटते ते एकच वाक्य दुसऱ्या रकान्यात. ते वाक्य सापडलं, की स्वतःच्या विषयावर तेच करा.