प्याद्याचा हत्ती का केला?

१८९५ साली ग्लासगोच्या ‘वीकली सिटिझन’मधल्या बुद्धिबळाच्या सदरात झॉर्झ बार्बिए यांनी एक कोडं छापलं. पटावर मोहरे चारच. पांढरा राजा बी६ या घरात आणि त्याचं प्यादं सी७ वर, म्हणजे वजीर व्हायला एकच घर बाकी. काळा राजा ए१ च्या कोपऱ्यात, काळा हत्ती डी५ वर. खेळी काळ्याची. बार्बिए यांचं म्हणणं, डाव बरोबरीत सुटतो.

पट जवळ असेल तर मांडून पाहावं. काळा हत्ती डी६, डी५, डी४, डी३ असा उतरत प्रत्येक घरातून शह देतो आणि पांढऱ्या राजाला खाली हाकलतो. राजा सी२ वर पोहोचला की शह संपतात. मग हत्ती मुकाट्याने डी४ वर परततो. खरी मेख इथे आहे. पांढऱ्याने प्याद्याचा वजीर केला, की हत्ती सी४ वर येऊन पुन्हा शह देतो. वजिराने तो मारावाच लागतो, आणि मारला की काळ्या राजाला शह नसतो, पण हलायला घरही उरत नाही. बरोबरी!

ग्लासगोत फर्नांडो सावेद्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू राहत. खेळाडू म्हणून त्यांना कुणी फारसं ओळखत नव्हतं. त्यांनी दाखवलं की वजीर करूच नये, हत्ती करावा. हत्ती झाला की सी४ वरच्या बलिदानातला दम जातो, कारण काळ्या राजाला ए२ हे घर मोकळं राहतं आणि कोंडी होत नाही. शिवाय नवा हत्ती ए८ वर जाऊन मात करणार. ती मात अडवायला काळा हत्ती ए४ वर धावतो, आणि पांढरा राजा शांतपणे बी३ वर सरकतो. एकाच पावलात काळा हत्तीही धरला आणि सी१ वरच्या मातेची धमकीही दिली. दोन्ही वाचवणं अशक्य.

चार मोहऱ्यांचं हे कोडं आज जगभर ‘सावेद्रा’ म्हणून ओळखलं जातं. रचनाकाराचं नाव मागे पडलं आणि त्याची चूक काढणाऱ्याचं राहिलं.

कोडी रचणारे आणि सोडवणारे यांची दुनिया डाव खेळणाऱ्यांपेक्षा वेगळी. डावात पाच खेळ्या चांगल्या असतील तर कुठलीही खेळावी, कुणी विचारत नाही. ‘दोन खेळींत मात’ म्हटलेल्या कोड्यात मात्र पहिली खेळी एकच हवी. दुसरी निघाली की कोडं ‘कूक’ झालं म्हणतात, आणि महिनोन्महिन्यांची मेहनत वाया जाते.

या दुनियेत आपल्याकडची नावंही आहेत. मुंबईत १८१४ मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत निघालं. मूळ संस्कृत ‘विलासमणिमंजरी’. त्यात भरणा पटावरच्या अवघड स्थितींचाच. पुढे १८४५ मध्ये लंडनच्या ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’मध्ये ‘शागीर्द’ या टोपणनावाने एक कोडं आलं. हे शागीर्द म्हणजे दिल्लीतले इंग्रज पाद्री हेन्री लव्हडे. त्यातली युक्ती अशी: पांढरा उंट एक घर ओलांडून पार मागे जातो, त्या घरात हत्ती येऊन स्वतःच्याच उंटाची वाट अडवतो, काळ्या राजाला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि तो बाहेर येताच हत्ती बाजूला होऊन मात. या कल्पनेला आजही ‘इंडियन थीम’ म्हणतात.

यंत्र या उद्योगात शिरलं ते पूर्ण डाव खेळता येण्याच्या आधीच. नोव्हेंबर १९५१ मध्ये मँचेस्टरला डिट्रिख प्रिन्झ यांनी फेरांटी मार्क १ या संगणकाकडून दोन खेळींत मातेचं कोडं सोडवून घेतलं. एकेक शक्यता चाचपडत त्याला सुमारे पाव तास लागला. आज ‘पॉपाय’ हा मोफत प्रोग्राम असली कोडी पापणी लवायच्या आत तपासतो. कूक आता संपादकाच्या टपालात सापडत नाही, रचनाकाराच्या टेबलावरच सापडतो.

मोजक्या मोहऱ्यांच्या शेवटांची तर कोष्टकंच तयार झाली. मातेपासून उलट्या पावलांनी मोजत प्रत्येक स्थितीचा निकाल लिहून ठेवायचा, ही त्यामागची रीत. दोन उंटांना एकट्या घोड्यावर मात करता येत नाही, असं पुस्तकं शंभरहून अधिक वर्षं सांगत होती. बेल लॅब्जच्या केन थॉम्पसन यांनी १९८०च्या दशकात कोष्टक काढून दाखवलं, की उंट बहुतेक वेळा जिंकतात. कधी त्याला साठाहून अधिक खेळ्या लागतात, इतकंच. पुढे राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतची कोष्टकं झाली, आणि एका स्थितीत मातेला ५४९ खेळ्या लागतात असं निघालं. उत्तर बिनचूक, पण वाचायला टेलिफोन डिरेक्टरीइतकंच रंजक.

याउलट रचनाकारांसाठीच्या ‘बॅबसन’ नावाच्या आव्हानाची गोष्ट. काळ्याने प्याद्याचा वजीर केला तर पांढऱ्यानेही वजीरच करावा, हत्ती केला तर हत्ती, उंटाला उंट, घोड्याला घोडा, आणि मात दुसऱ्या कशानेही होऊ नये, असं हे आव्हान. फ्रान्सचे पिएर द्रुमार सुमारे वीस वर्षं त्याच्या मागे होते. १९८२ मध्ये त्यांनी हात टेकले. पुढच्याच वर्षी कझानचे फुटबॉल प्रशिक्षक लिओनिद यारोश यांचं चार खेळींतल्या मातेचं कोडं सोव्हिएत मासिकात छापून आलं, त्यात चारही जोड्या चपखल बसल्या होत्या. कोड्यांच्या जगात तोवर त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

सोडवणाऱ्यांची जागतिक स्पर्धा १९७७ पासून भरते. सहा फेऱ्या, फेरीत तीन कोडी, कोड्याला पाच गुण. दोन खेळींच्या तीन मातांना मिळतात अवघी २० मिनिटं. उत्तर कागदावर लिहायचं, संगणक अर्थातच नाही. इंग्लंडचे ग्रँडमास्टर जॉन नन यांनी ती तीनदा जिंकली आहे.

तपासनीस म्हणून यंत्राला तोड नाही. पण बार्बिए यांच्या हाताशी कोष्टक असतं तर त्यांचा बरोबरीचा दावा छापलाच गेला नसता, आणि सावेद्रांना शोधायला काही उरलं नसतं.

वाचकांसाठी आणखी चार मोहरे, रिचर्ड रेटी यांचं १९२१ मधलं कोडं. पांढरा राजा एच८ वर, प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर, प्यादं एच५ वर. खेळी पांढऱ्याची, बरोबरी साधायची आहे. काळं प्यादं दोन घरं पुढे पळालेलं दिसतं आणि पांढरा राजा त्याला गाठू शकत नाही असं वाटतं. मोबाइल पालथा ठेवा आणि निदान अर्धा तास द्या.