पेट्रोल कुणाचंही, पण चोख हवं

पंपावर गाडी उभी केली की हातात नळी घेतलेला मुलगा विचारतो, "साहेब, साधं टाकू की पॉवर?" मागे रांग लागलेली असते, कुणीतरी हॉर्न वाजवत असतं. विचार करायला वेळ नसतो. कुणी ऐटीत महागडं पेट्रोल सांगतो, कुणी खिशाकडे बघून साधं. दोघांच्याही मनात शंका मात्र तीच राहते. अमक्या कंपनीचं पेट्रोल चांगलं, तमक्याच्या पंपावर ॲव्हरेज जास्त मिळतं असं लोक म्हणतात, त्यात तथ्य किती?

मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. माझा संबंध शब्दांशी. पॉवर, स्पीड, एक्स्ट्राप्रीमियम हीदेखील शेवटी शब्दांचीच करामत. 2002 च्या सुमाराला आपल्या तेल कंपन्यांनी अशा नावांची पेट्रोलं बाजारात आणली. नावं झकास आहेत. नावामागे काय आहे, ते मात्र तपासून घ्यायला हवं.

आधी पेट्रोल येतं कुठून ते बघू. मुंबईत माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांचे तेलशुद्धीकरण कारखाने शेजारीशेजारी आहेत. तिथून नळवाहिनीने इंधन आमच्या मालेगावजवळच्या मनमाडला, पानेवाडीच्या डेपोत येतं. तिथून टँकर भरून गावोगावच्या पंपांवर जातात. कंपन्या गरजेप्रमाणे एकमेकींकडून इंधन घेतात, कारण प्रत्येकीचा कारखाना प्रत्येक भागात नसतो. म्हणजे समोरासमोरच्या दोन पंपांवर पाट्या वेगळ्या असल्या तरी टाकीतलं साधं पेट्रोल एकाच कारखान्यातलं असू शकतं. शिवाय साऱ्यांना मानक एकच लागू. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 आलं आणि पेट्रोलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 10 भाग इतकी खाली आली. माझा भाचा गॅरेज चालवतो. तो म्हणतो, "मामू, इंजिनाला पाटी वाचता येत नाही."

मग प्रीमियम म्हणजे काय? त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. पहिली ऑक्टेन, दुसरी त्यात मिसळलेली रसायनं.

इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबतो आणि नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडते. दाबाने आणि उष्णतेने मिश्रणाचा काही भाग वेळ साधण्याआधी आपणहून भडकला, तर टकटक असा आवाज येतो. भरलेली गाडी कसारा घाट चढताना हा आवाज काहींनी ऐकला असेल. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. ते फार काळ चाललं तर पिस्टनला इजा होते. असं अवेळी न भडकण्याची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन क्रमांक. तो पेट्रोलचा संयम सांगतो, जोर सांगत नाही. बीएस-6 च्या मानकात साध्या पेट्रोलला तो किमान 91 लागतो. प्रीमियमचा 95 किंवा त्याहून जास्त असतो. डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने 100 ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, तेव्हा त्याचा भाव लिटरला 160 रुपये होता.

ज्या इंजिनात मिश्रण फार दाबलं जातं, म्हणजे काही टर्बो गाड्या आणि भारी मोटारसायकली, त्यांना जास्त ऑक्टेन लागतो. तसं गाडीबरोबरच्या पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणावर लिहिलेलं असतं. लिहिलं असेल तर कंजुषी करू नये. लिहिलं नसेल तर जादा पैसे टाकून इंजिनाच्या अंगात बळ येत नाही. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनधारकांच्या संस्थेने 2016 मध्ये साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम घालून चाचण्या केल्या. ताकद, ॲव्हरेज, धूर, कशातही म्हणावा असा फायदा दिसला नाही.

दुसरी गोष्ट रसायनांची, आणि इथे ब्रँडला थोडा अर्थ आहे. पेट्रोल जळताना इंजेक्टरच्या बारीक छिद्रांवर आणि व्हॉल्व्हवर काळं किटण धरतं. ते धरू नये म्हणून पेट्रोलमध्ये साफ करणारं द्रव्य घालतात. आपण भांड्याला साबण लावतो, तसंच. त्याचं प्रमाण अगदी थोडं असतं, पण परिणाम दिसतो. त्याच संस्थेने त्याच वर्षी आणखी एक चाचणी केली. जास्त दर्जाचं साफ करणारं द्रव्य असलेलं पेट्रोल एका बाजूला, जेमतेम कायद्यापुरतं असलेलं दुसऱ्या बाजूला. सुमारे 4,000 मैल चालवल्याइतका वापर झाल्यावर दुसऱ्या गटात सरासरी 19 पट किटण सापडलं. ही गोष्ट अमेरिकेतली, तिथले नियम वेगळे. पण यातून कळतं ते इतकंच की किटणाशी संबंध या द्रव्याचा आहे, ऑक्टेनचा नाही. हल्लीच्या काही इंजिनांत पेट्रोल थेट नळकांड्यात सोडतात. तिथे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहतच नाही, म्हणून तो व्हॉल्व्ह कुठल्याही पेट्रोलने धुतला जात नाही.

राहिल्या दुकानातल्या बाटल्या. पॉलिइथर अमाइन हे द्रव्य असलेली बाटली किटण काढायला खरंच मदत करते. 'ॲव्हरेज दुप्पट' असं छापलेली बाटली मात्र परत ठेवावी. टाकीत डांबराच्या गोळ्या टाकण्याचा जुना उपायही सोडून द्यावा. गोळ्या विरघळतात, पण त्यांचे खडे पुन्हा धरले की बारीक मार्ग तुंबतात. रसायन मिसळताना अंगाशी काय येऊ शकतं, हे जगाने शिशावरून पाहिलं आहे. 1921 मध्ये अमेरिकेत टॉमस मिजलीला नॉकिंगवर उपाय म्हणून शिसंयुक्त रसायन सापडलं. इंजिन शांत झालं, पण धुरातून शिसं लेकरांच्या रक्तात आणि मेंदूत गेलं. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून सगळीकडे शिसंविरहित पेट्रोल आलं. गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते 2021 मध्ये थांबलं.

आता इथेनॉल. आज आपल्याकडे जवळपास सगळ्याच पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, पाटी कुणाचीही असो. उसाचा रस, मळी, मका, तुटका तांदूळ यांपासून ते बनतं. आपल्या ऊसवाल्यांना त्याचे पैसे मिळतात, हे खरं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, हेही खरं. पण लिटरमागे त्यात ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. जुन्या चारचाकींत 6 ते 7 टक्के घट येईल, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं आहे. इथेनॉल पाणीही ओढतं. तेव्हा पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप मेकॅनिकला दाखवून घ्यावेत.

खरा घात होतो तो भेसळीने. रेशनच्या निळ्या रॉकेलचा भाव आणि पेट्रोलचा भाव यांत अंतर पडलं की चोराची वाट तयार होते. रॉकेलने ऑक्टेन घसरतो, इंजिन टकटकतं, काजळी धरते. पण नुकसान इंजिनापाशी थांबत नाही. 2005 च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला मंजुनाथ षण्मुगम या इंडियन ऑइलच्या तरुण अधिकाऱ्याला भेसळीच्या पंपावर कारवाई केल्याबद्दल गोळ्या घालून मारलं. आणि 25 जानेवारी 2011 रोजी आमच्या मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पानेवाडीजवळ भेसळ पकडताना भरदिवसा जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. ते आठवलं की कोणतं पेट्रोल जास्त 'पॉवर'चं हा वाद मला फार किरकोळ वाटतो.

म्हणून ब्रँडपेक्षा पंप पारखून घ्या. त्यासाठी लागणारे हक्क तुमच्याकडे आहेत. पंपावर फिल्टर पेपर मागा. पुसलेल्या नळीतून त्यावर एक थेंब पाडा. चोख पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. घनता तपासून मागा. ती टँकरच्या नोंदीपेक्षा 3 एककांहून अधिक वेगळी असता कामा नये. मापाची शंका आली तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं 5 लिटरचं माप पंपावर ठेवलेलं असतं, त्यात मोजून मागा. पावती घ्या, ती जपून ठेवा. हे सगळं फुकट आहे. मागायला संकोच वाटतो, कारण मागच्या रांगेत हॉर्न वाजत असतो. वाजू द्यावा.