कंपनीचं दप्तर : पावती जपा, दंड टाळा



फवारणीचा सल्ला उद्या येईलच. आज थोडं कंपनीच्या दप्तराबद्दल. बरेच सभासद विचारतात, "शेतीला टॅक्स नाही, मग एवढे कागद कशाला?"

तुमच्या शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे बरोबर. पण कंपनी तुमचा माल घेऊन पुढे विकते, खत-बियाणं विकते. हा व्यापार झाला. म्हणून नफा होवो की तोटा, कंपनीला दरवर्षी हिशोब द्यावाच लागतो.

तारखा लक्षात ठेवा :
१) ३० जून – राज्याचा व्यवसाय कर, कंपनीचे २,५०० रुपये.
२) ३० सप्टेंबरच्या आत – वार्षिक सभा. नोटीस १४ दिवस आधी. किमान एक चतुर्थांश सभासद हजर हवेत.
३) सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद (एओसी-४) आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण (एमजीटी-७ किंवा ७ए, सीए सांगतील तो).
४) ३१ ऑक्टोबर – आयकर विवरण.

कंपनी निबंधकांचं ऑफिस आपल्या रावेतला लागूनच, आकुर्डी स्टेशनजवळ आहे. पण तिथे फाइल नेऊन देऊन भागत नाही, फॉर्म ऑनलाइनच भरावे लागतात. उशीर झाला की एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा. दोन फॉर्म ९० दिवस रखडले तर १८,००० रुपये गेले! आणि हे पैसे तुमच्या-आमच्या शेअर भांडवलातूनच जाणार. सलग ३ वर्षं विवरण भरलं नाही तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतात.

सीए आकडे जुळवतात, पण कागद गोळा होतो आपल्या संकलन केंद्रावर. म्हणून :

✅ वजनाची पावती ज्याचा माल त्याच्याच नावाने करा. भावाचा, शेजाऱ्याचा माल आपल्या नावावर घालू नका. सभासदाने कंपनीशी किती व्यवहार केला त्या प्रमाणात पेट्रोनेज बोनस मिळतो. पावती दुसऱ्याच्या नावाने झाली तर तुमचा बोनसही त्याच्याकडे जाईल.
✅ बारदान, क्रेट, खताची खरेदी एका दिवसात एकाला १०,००० च्या वर असेल तर पैसे बँकेतूनच द्या. रोख दिले तर आयकरात तो खर्च धरत नाहीत.
✅ खत-बियाण्याचं स्टॉक रजिस्टर रोजच्या रोज लिहा. शिल्लक पोती मोजा, अंदाजे आकडा टाकू नका.
✅ संचालक मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी घ्या. इतिवृत्तावर सही त्याच वेळी करा, मागाहून नको.
✅ पावतीचा फोटो लगेच काढा, पावसाळ्यात शाई उडते. हिशोबाची वह्या-बिलं ८ वर्षं जपायची आहेत.

बँकेचं कर्ज असो की सरकारी योजना, आधी लेखापरीक्षण अहवालच मागतात. पीक चांगलं असून दप्तर अपुरं असेल तर काम तिथेच अडतं.

या आठवड्यात घरातल्या पावत्या शोधा, नाव-वजन तपासा. चूक दिसली तर फोटोसह याच नंबरवर पाठवा. सभेच्या आधी दुरुस्त करू.

– तुमचा कृषी सल्लागार, रावेत